राजमा आघाडीवर, छोले विजयी

प्रिय ताई,

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगी दहा वर्षांची, इथेच जन्मलेली, पाचवीत आहे. येत्या ३ नोव्हेंबरला निवडणुकीच्या रात्री मित्रमैत्रिणींना घरी बोलावून निकाल बघायचा घाट तिने घातला आहे. दहाजण येतील. काही मराठी, काही तेलुगू आणि गुजराती, दोन शेजारच्या गोऱ्या घरांतली. मला मात्र धास्ती वाटते. २०२४ मध्ये एका मैत्रिणीकडे अशीच पार्टी झाली होती. भिंतीवर मोठा नकाशा, दोन पक्षांचे लाल-निळे खडू, टीव्हीसमोर सगळे काका लोक. नऊच्या सुमाराला मुलांचे दोन तट पडले आणि एका मुलाने माझ्या लेकीला सांगितलं, "आता तुझ्या आईबाबांना परत जावं लागणार." घरी येईपर्यंत ती रडत होती.

शिवाय आम्ही दोघं २०१२ पासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच आहोत. आम्हाला इथे मत नाही. ज्यांना मतच नाही त्यांनी निवडणुकीची पार्टी करायची म्हणजे लग्न लोकाच्या घरी आणि मांडव आपल्या दारी, असं नवरा म्हणतो. दुसऱ्या दिवशी शाळा, त्याच आठवड्यात दिवाळी. करू की नको?

एक आई, न्यू जर्सी


प्रिय मैत्रिणी,

कर. जरूर कर. फक्त २०२४ ची पार्टी पुन्हा करू नकोस. त्या दिवशी मुलांना मोठ्यांच्या सामन्याला प्रेक्षक म्हणून बसवलं होतं, आणि सामना म्हटला की मुलं बाजू घेणारच. तुझ्याकडे मुलांना मोजायला बोलाव. मतं कशी देतात, कशी मोजतात, निकाल लागायला वेळ का लागतो आणि हरलेल्याने पुढे काय करायचं, एवढं त्यांच्या हातांनी होऊ दे. टीव्ही कोपऱ्यात आवाज बंद करून असला तरी चालेल.

पण त्याच्या आधी ते वाक्य. "परत जावं लागणार" हे तुला दोन वर्षांनी शब्दन् शब्द आठवतंय, म्हणजे तिच्याही मनात ते असणारच. पार्टीपूर्वी एखाद्या दिवशी गाडीत तिच्याशी बोल. समोरासमोर बसल्यावर मुलं जे विचारत नाहीत ते मागच्या सीटवरून विचारतात. तिला खरं सांग. ती इथे जन्मली, इथली नागरिक आहे. तिचा निळा पासपोर्ट आणि तुझा पासपोर्ट दोन्ही शेजारी ठेवून दाखव. तुम्ही व्हिसावर आहात म्हणजे काय, हेही सांग. ग्रीन कार्डाची रांग एवढी लांब का, हे दहा वर्षांच्या मुलीला व्यवस्थित कळतं: नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या लोकांना सुमारे ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही. आइसलँडला जेवढी मर्यादा, तेवढीच भारताला. तिला पाटावर मांडून दाखव, लगेच कळेल.

"काही होणार नाही गं" असं मात्र म्हणू नकोस. ते तुझ्या हातात नाही, आणि मुलांना पोकळ शब्द लगेच ओळखू येतात. असं म्हण: निवडणुकीमुळे कायदे बदलू शकतात, पण एका रात्रीत बदलत नाहीत. बुधवारी सकाळी तू याच घरातून याच शाळेत जाणार आहेस. आणि आमच्या व्हिसाचं काही बदललंच, तर ते तुला सगळ्यात आधी आम्ही सांगू, वर्गातला कुणी मुलगा नाही. हे शेवटचं वाक्य तिला नीट ऐकू येईल असं म्हण. त्या रात्री ती रडली ती बातमीला कमी, आणि आपल्या घरची गोष्ट दुसऱ्याला आधी माहीत आहे या भीतीला जास्त, असं मला वाटतं.

आता तुझ्या नवऱ्याचा मुद्दा. मी १९९२ साली इथे आले आणि २००७ साली नागरिक झाले. मधल्या पंधरा वर्षांत प्रत्येक नोव्हेंबरात मी शेजाऱ्यांच्या छातीवरचे "मी मत दिलं" असे स्टिकर बघत दुकानात जायची. मुलगा १९९४ चा, इथलाच. सहा वर्षांचा असताना त्याने मला विचारलं, "आई, तू कुणाला मत दिलंस?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही, आणि ते मला अजून डाचतं. तू तसं करू नकोस. तिला सरळ सांग की मी भारताची नागरिक आहे, माझं मत तिथे आहे. २०११ पासून परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. त्याचा अर्ज नमुना ६-अ. मत मात्र पासपोर्ट घेऊन तिथे स्वतः जाऊनच द्यावं लागतं. म्हणजे हक्क आहे आणि वापरता येत नाही, अशी तुझी आजची स्थिती. यात लाजण्यासारखं काहीच नाही, आणि मुलीला ही गोष्ट कळली तर मत म्हणजे काय ते तिला शाळेच्या पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

आणि मांडव आपल्या दारी का? कारण लग्न तिचं आहे. २०३४ च्या नोव्हेंबरात ती १८ वर्षांची असेल. तुमच्या घरातली पहिली अमेरिकन मतदार तीच असण्याची बरीच शक्यता आहे. माझा मुलगा २०१२ मध्ये पहिल्यांदा मत द्यायला निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर गेले होते. यंत्रासमोर तो माझ्यापेक्षा जास्त वेळ उभा होता. बाहेर येऊन म्हणाला, शाळा समितीच्या उमेदवारांची नावं आधी वाचून यायला हवं होतं. मला वाटतं ते आमच्या स्वयंपाकघरातल्या मतमोजण्यांमुळे. तुझ्या जवळचंच उदाहरण मुलांना सांग: नेवार्क शहरात २०२५ पासून १६ आणि १७ वर्षांची मुलंही शाळा समितीच्या निवडणुकीत मत देतात. दहा वर्षांच्या मुलांना हे ऐकून धक्का बसतो. सहा वर्षं फार लांब नाहीत.

दोन गोष्टी कायद्याच्या, म्हणून विसरू नकोस. सजावटीसाठी कुठल्याही उमेदवाराच्या अधिकृत दुकानातून टोप्या, झेंडे, टी-शर्ट विकत घेऊ नकोस. तशी खरेदी प्रचाराला दिलेली देणगी धरली जाते, आणि ज्यांच्याकडे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नाही त्यांना देणगी द्यायला बंदी आहे. दुसरी, पार्टीशी संबंध नसलेली, पण आपल्या लोकांना सांगायलाच हवी अशी: गाडीचा परवाना नवा करताना मतदार नोंदणीबद्दल विचारतात, तिथे घाईत "हो" म्हणायचं नाही. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव लागलं तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते फार महागात पडतं.

आता पार्टी. २०२४ चा तो नकाशा यंदा कामाचा नाही. तेव्हा राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती, राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ निर्वाचक मतांपैकी २७० चा आकडा होता. यंदा राष्ट्राध्यक्षपद मतपत्रिकेवर नाही. संसदेच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आहेत, बहुमताला २१८ लागतात, आणि दुसऱ्या सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, सुमारे एक तृतीयांश जागा आहेत. ४३५ जागांचा तक्ता मुलांसमोर ठेवशील तर दहा मिनिटांत ती सोफ्यावरून उड्या मारायला लागतील. पाच लढती निवड. तुमच्या स्वतःच्या मतदारसंघाची प्रतिनिधिगृहाची जागा, न्यू जर्सीची सिनेटची जागा, आणि जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, मेन या तीन राज्यांच्या सिनेटच्या जागा. ही तीन राज्यं मी वेळेवरून निवडली आहेत. जॉर्जियात मतदान संपतं सातला, नॉर्थ कॅरोलायनात साडेसातला, न्यू जर्सी आणि मेनमध्ये आठला. सगळ्यात आधी सहा वाजता इंडियाना आणि केंटकीच्या पूर्व भागातली केंद्रं बंद होतात. म्हणजे सहाला सुरू करून सव्वाआठला संपवलंस तर दर अर्ध्या-एक तासाने काहीतरी नवं घडत राहील, आणि शेवटचा टप्पा आपल्या स्वतःच्या राज्याचा असेल.

सव्वाआठच्या पुढे मात्र एक मिनिटही नाही. १ नोव्हेंबरच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेलेली असतील, त्यामुळे मंगळवारी आठ वाजता मुलांच्या अंगात नऊ वाजलेले असतात. २०२४ चं भांडण नऊला झालं असं तू लिहिलंस. त्यात राजकारण किती आणि झोप किती, मला शंकाच आहे.

मुलं आली की पहिल्यांदा प्रत्येकाला एक पाकीट दे. पाच लढतींत कोण जिंकेल असं वाटतं ते आत लिहायचं, पाकीट बंद करायचं, वर नाव. "कोण जिंकावं" हे विचारायचं नाही, "कोण जिंकेल" हे विचारायचं. मराठीत एका शब्दाचा फरक आहे, पण त्या एका शब्दाने मुलं भक्त न होता अंदाज बांधणारी होतात. आणि घरचा नियम पहिल्याच मिनिटाला सांग: कुणाचे आईबाबा कुणाच्या बाजूचे हे आज कुणी कुणाला विचारायचं नाही. मतपत्रिका गुप्त असते ती याचसाठी. तुझ्या बाबतीत तर हा नियम तुझ्या लेकीलाही वाचवेल. "तुझ्या आईने कुणाला दिलं?" हा प्रश्नच येणार नाही.

यानंतर कडधान्यांची मतमोजणी. हा या पार्टीचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शंभर दाणे घे. ५२ काबुली छोले, ४८ राजमा. (शेंगदाणे घेऊ नकोस. २००४ मध्ये मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा शेंगदाणे आणि फुटाणे मांडले होते. शेजारच्या मुलाच्या आईने दारातूनच वाट्या बघितल्या आणि तिचा चेहरा उतरला. त्याला शेंगदाण्याची ऍलर्जी होती. मी सगळं उचललं, ओटा दोनदा पुसला आणि डब्यातला राजमा काढला.) लाल आणि निळा हे दोन रंग शेजारी शेजारी कुठेच येऊ देऊ नकोस. राजमा तांबूस असला तरी छोले निळे नाहीत, एवढं पुरतं.

तीन वाट्यांत मिळून ६० दाणे टाक: ३६ राजमा, २४ छोले. ही मतदान केंद्रं. उरलेले ४० दाणे, म्हणजे १२ राजमा आणि २८ छोले, छोट्या पाकिटांत घालून चिकटवून टाक. ही टपालाने आलेली मतं. हे सगळं मुलं येण्याआधी, तिलाही न दाखवता. मग मुलांच्या तीन टोळ्या कर: मोजणारे, फळ्यावर लिहिणारे आणि दोन्ही बाजूंचे निरीक्षक. निरीक्षकांना प्रत्येक दाण्यावर हरकत घेता येते. फुटका छोला मत धरायचा की नाही, यावर आमच्याकडे एकदा बारा मिनिटं वाद झाला होता. होऊ दे. तोच तर खरा खेळ.

आधी वाट्या मोजायच्या. राजमा ३६, छोले २४. राजमा बारा मतांनी पुढे. इथे थांब आणि विचार, कोण जिंकलं? अर्धी मुलं ओरडतील, राजमा. मग पाकिटं फोडायला दे. एकेक पाकीट उघडायला वेळ लागतो, चिकटपट्टी निघत नाही, दाणा खाली पडतो, शोधावा लागतो. हळूहळू अंतर कमी होतं आणि शेवटी छोले ५२, राजमा ४८. राजम्याचे समर्थक म्हणतील, फसवणूक आहे, आम्ही पुढे होतो. तेव्हा शांतपणे विचार: दुपारी मी दाणे भरले तेव्हा छोले किती होते? बावन्न. आत्ता किती आहेत? बावन्नच. मग मधे काय बदललं? फक्त मोजायचा क्रम. माझ्या स्वयंपाकघरात हे वाक्य एका मुलाने स्वतः शोधून काढलं, आणि त्यानंतर बराच वेळ तो टीव्हीकडे बघून सगळ्यांना सांगत होता की आधी वाट्या मोजतायत, पाकिटं राहिलीत.

खऱ्या जगात हे कुठे होतं तेही सांग. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात टपालाची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायला कायद्याने परवानगी नाही. साहजिकच ती मागे पडतात. २०२० ची निवडणूक मंगळवारी, ३ नोव्हेंबरला झाली आणि वृत्तसंस्थांनी निकाल जाहीर केला शनिवारी, ७ तारखेला. २०२२ मध्ये ८ नोव्हेंबरला मतदान झालं, पण प्रतिनिधिगृहात बहुमत कुणाचं हे स्पष्ट व्हायला १६ तारीख उजाडली. उशीर म्हणजे लबाडी नव्हे, हे दहाव्या वर्षी कळलेलं मूल मोठेपणी सहजासहजी कुणाच्या थापांना बळी पडत नाही. मी हे मनापासून मानते.

मग उलटा प्रश्न येईल. काही जागांचा निकाल मतदान संपताक्षणी टीव्हीवर दिसतो. एकही मत मोजलेलं नाही आणि विजेता जाहीर! त्याचं उत्तर आपल्याकडे तयार आहे: शितावरून भाताची परीक्षा. मतदारांची मोठी पाहणी केलेली असते, त्या भागाचा जुना इतिहास माहीत असतो. भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर चार शितं दाबून पुरतात. वर शिजलेला आणि तळाशी कच्चा असेल तर पातेलं ढवळून बघावंच लागतं. आणि शितं बघून चुकलेलेही आहेत. १९४८ मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्राने घाईने मोठ्या अक्षरांत छापलं की ड्युई यांनी ट्रुमन यांना हरवलं. जिंकले होते ट्रुमन. तो अंक हातात उंच धरून हसणाऱ्या ट्रुमन यांचं छायाचित्र छापून भिंतीवर लाव. माझी स्वतःची गोष्ट २००० सालची. रात्री दोननंतर टीव्हीने फ्लोरिडा आणि राष्ट्राध्यक्षपद बुश यांना देऊन टाकलं. मी मुलासाठी फ्रिजवर चिठ्ठी लावली आणि झोपले. पहाटेपर्यंत ती घोषणा मागे घेतली गेली होती आणि सकाळी सहा वर्षांचं पोर चिठ्ठी हातात घेऊन माझ्या उशाशी उभं, "मग हे खरं की टीव्ही खरा?" खरं काय ते कळायला १२ डिसेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. फ्लोरिडातलं शेवटचं अंतर होतं ५३७ मतांचं. तुमच्या शाळेच्या सभागृहात मावतील एवढी माणसं.

सात-साडेसातला मुलांना त्यांचं स्वतःचं मतदान दे. विषय असा हवा की त्यांना खरोखर फरक पडेल. माझा अनुभव, गोड पदार्थ. गुलाबजाम, आइस्क्रीम, ब्राउनी. घडी घातलेल्या चिठ्ठ्या, बुटांचा खोका, एकेकाने पडद्यामागे जाऊन लिहायचं. आपल्याकडची शाईही लाव, डाव्या हाताच्या तर्जनीला, धुऊन जाणाऱ्या मार्करने. आजी भारतात असेल तर साडेसहाला व्हिडिओवर बोलाव, तिथे पहाटेचे पाच वाजलेले असतात आणि आज्या उठलेल्याच असतात. ती मतदानाच्या रांगेची आणि शाईची गोष्ट सांगेल. इथल्या मुलांना ती शाई फार आवडते, स्टिकरपेक्षा जास्त.

अकरा मुलं आहेत, म्हणजे तुझ्या लेकीसकट. समज गुलाबजामला ५, आइस्क्रीमला ४, ब्राउनीला २. साध्या नियमाने गुलाबजाम जिंकला. पण अकरातल्या सहाजणांना तो नको होता! मेनमध्ये या अडचणीवर एक उपाय वापरतात. मतदार पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहितात. सगळ्यात मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीकडे जातात. ब्राउनीवाल्या दोघांची दुसरी पसंती आइस्क्रीम असेल तर आइस्क्रीम ६, गुलाबजाम ५. नियम बदलला, तीच मुलं, तीच आवड, आणि विजेता दुसरा. अट एकच: कुठला नियम लावणार ते चिठ्ठ्या लिहिण्याआधी जाहीर करायचं. चिठ्ठ्या बघून नियम ठरवणं, याला काय म्हणतात ते मुलं तुला सांगतील.

आणि इथे तुझी खरी परीक्षा आहे. हरलेला पदार्थ फ्रिजमधून बाहेर काढायचा नाही. २००६ मध्ये मी काढला होता. एक छोटा मुलगा रडवेला झाला, मी त्याला हळूच त्याचं आइस्क्रीम दिलं. जिंकलेल्या बाजूची एक मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मग आम्ही मत कशाला दिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता मी वेगळं करते. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना आधी वाढायचं, मोठा तुकडा त्यांना. रडणाऱ्याला जवळ घ्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा, पण निकाल बदलायचा नाही. पुढच्या वेळी तुला लोकांना पटवायला दोन आठवडे आहेत, असं सांगायचं.

मोठ्यांबद्दल थोडंसंच. त्यांना खालच्या मजल्यावर बसवू नकोस, बोलावूच नकोस. आमंत्रणात स्पष्ट लिही: मुलं मतमोजणी खेळून बघणार आहेत, पक्षाचे कपडे-झेंडे नकोत, घरात शेंगदाणे-काजू-बदाम काही नाही, सव्वाआठला न्यायला या. ज्यांना राहायचंच आहे अशा दोन आयांना पावभाजी वाढायचं काम दे. कुणी बाबा न्यायला आला आणि दारात उभं राहून निकालावर बोलायला लागला, तर त्याच्या हातात पाकिटांचा ढीग दे आणि मोजायला सांग. नवऱ्याला दाराशी ठेव. मांडवाची चिंता त्याने केली आहे, तर मांडवाचं दारही त्यानेच सांभाळावं.

त्या मुलालाही बोलाव. हो, त्यालाच, जर तो तिच्या वर्गात असेल तर आणि तिची तयारी असेल तर. ते वाक्य त्याने घरी किंवा टीव्हीवर ऐकलेलं होतं, आठ वर्षांच्या मुलाची ती स्वतःची भाषा नसते. तिने नाही म्हटलं तर विषय तिथेच संपव, आग्रह नको. आणि पार्टीत पुन्हा कुणी तसं बोललंच, तर "असं बोलू नये" एवढ्यावर सोडू नकोस. सगळ्यांसमोर, आवाज न चढवता सांग: या घरातली मुलगी या देशाची नागरिक आहे, तिचे आईबाबा कायद्याने इथे काम करतात, आणि आज आपण मतं मोजतोय, माणसं नाही. मग लगेच पुढचं पाकीट फोडायला दे.

जेवणाचं सोपं ठेव. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ तारखेला आहे, चकल्यांचा सोऱ्या तसाही बाहेर निघालेला असेल. पण त्या दिवशी फराळ मांडू नकोस, तो दिवाळीचाच राहू दे.

सव्वाआठला न्यू जर्सीचे पहिले आकडे येत असतील. मुलांना ते बघू दे आणि अंगात जॅकेट चढवता चढवता एकच सांग, अलास्कात अजून मतदान चालू आहे, तिथली शेवटची केंद्रं आपल्या घड्याळात रात्री एकला बंद होतील. पाकिटं सगळी तुझ्याजवळ ठेव. तीच अकरा मुलं रविवारी फराळाला बोलाव आणि ज्या लढतींचा निकाल लागला असेल त्यांचे अंदाज तेव्हा ताडून बघा. एखादी जागा तोवरही लटकलेली असेल, तर त्या अंदाजाचा कागद पुन्हा पाकिटात घालून फ्रिजवर लावा. तुझी लेक रोज शाळेतून आल्यावर तिथे बघत जाईल.

तुझी,
ताई